बिघडलेला कलप आणि घाईचा दुसरा कलप

लग्नसराई तोंडावर आली, की कपाळावरचे पांढरे केस एकाएकी डोळ्यांत खुपू लागतात. कलप म्हणजे पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांनी रविवारी सकाळी अंगणात बसून जुन्या टूथब्रशने लावायची गोष्ट, असा एक काळ होता. आता तालुक्याच्या गावीही ब्यूटी पार्लर आहेत आणि काळ्याबरोबर तपकिरी, तांबूस, मधाळ अशा छटांचे तक्ते तिथे भिंतीवर लागलेले असतात. हौसेला मोल नसते, आणि हौस करू नये असे सांगण्याचा या सदराचा हेतूही नाही. पण तक्त्यावरचा रंग आणि डोक्यावर उतरलेला रंग यांत अंतर पडले, की पुढच्या दोन-चार दिवसांत माणसे घाईने जे करून बसतात, त्याने केसांचे आणि प्रसंगी जिवाचेही नुकसान होते. आजचा लेख त्या दोन-चार दिवसांविषयी आहे.

रोहिणखेडची चिठ्ठी

मोताळा तालुक्यातील रोहिणखेडच्या एका भगिनीने भाच्याच्या हाती मला चिठ्ठी पाठवली होती. त्यांच्या संमतीने, नाव न देता, ती हकीकत येथे देत आहे. वय पंचेचाळीसच्या आसपास. मुलीचा साखरपुडा पाच दिवसांवर आलेला. गेली सहा-सात वर्षे त्या बाजारात पुडीत मिळणारी काळी मेंदी घरीच लावत. या वेळी जावेच्या आग्रहावरून त्या एका पार्लरमध्ये गेल्या आणि तक्त्यावरची तपकिरी छटा निवडली. आधी केसांना काय लावता, हे तिथे कोणी विचारले नाही. केस प्रथम ब्लीच केले आणि मग त्यावर रंग चढवला. घरी येऊन आरशात पाहतात तो मुळाशी बोटभर केस नारिंगी, मधले काळपट आणि टोके लालसर, झाडूसारखी राठ. यजमान काही बोलले नाहीत. मुलगी मात्र रडू लागली.

चिठ्ठीत दोन प्रश्न होते. पहिला असा, की आज रात्रीच वरून काळा कलप लावून टाकला तर चालेल का? दुसरा प्रश्न त्यांनी शेवटी जाता जाता लिहिला होता. कानामागे खाज सुटली आहे आणि सकाळी उठल्यावर पापण्या सुजल्यासारख्या दिसतात, ते जागरणाने असेल का?

मला मात्र दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटला. मी भाच्याबरोबर लगेच निरोप पाठवला, की काहीही लावू नका आणि आजच दाखवायला या. असे का सांगितले, ते समजण्यासाठी कलपाचे काम कसे चालते हे थोडे पाहावे लागेल.

रंग आत जातो तरी कसा?

आपल्याला दिसतो तो केस म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनाचा निर्जीव धागा. त्याच्या बाहेरच्या बाजूस घराच्या कौलांसारखे एकावर एक बसलेले अतिसूक्ष्म खवले असतात. आतल्या गाभ्यात मेलॅनिन हे रंगद्रव्य असते. पक्क्या कलपात साधारणपणे तीन गोष्टी काम करतात. अमोनिया किंवा त्यासारखा क्षार खवले उघडतो. हायड्रोजन पेरॉक्साइड केसाचा मूळ रंग थोडा उतरवते. पॅराफेनिलिनडायअमाइन, थोडक्यात पीपीडी, किंवा त्याच्या जातकुळीचे रसायन बारीक रेणूंच्या रूपात आत शिरते आणि पेरॉक्साइडशी संयोग होऊन आतच मोठे रंगीत रेणू तयार होतात. मोठे झाल्यावर त्यांना बाहेर पडता येत नाही, म्हणून हा रंग धुतल्याने जात नाही. पॅरिसमधील यूजीन श्युलर या रसायनतज्ज्ञाने १९०७ साली असा कृत्रिम कलप तयार केला. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी मूळ युक्ती तीच आहे.

यातून एक नियम निघतो आणि तो प्रत्येकाने लक्षात ठेवण्याजोगा आहे. नव्या कलपाने जुना कलप उतरत नाही. गडद केलेले केस वरून फिकट रंग लावून फिकट होत नाहीत. त्यासाठी ब्लीच करावे लागते, आणि आपल्याकडचे काळे केस ब्लीच केले की ते एकदम सोनेरी होत नाहीत. आधी तांबडे, मग नारिंगी आणि त्यानंतर पिवळे होतात. हे थांबे केसाच्या स्वतःच्या रंगद्रव्याचे आहेत. ब्लीच मध्येच धुतले, की केस नारिंगीवर अडकतात.

दुसरे असे, की सगळे केस सारखे नसतात. मुळाजवळचा भाग डोक्याच्या उबेमुळे लवकर उजळतो. टोकांकडचा भाग दोन-तीन वर्षांचा जुना आणि आधीच झिजलेला असतो, तो रंग अधिक शोषतो. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, त्यावरून हिशेब करावा. हातभर लांब केसाच्या टोकाने किती उन्हाळे आणि किती कलप पाहिले असतील! एकच मिश्रण मुळापासून टोकापर्यंत एकदम फासले, की केसांवर पट्टे उमटणारच.

काळ्या मेंदीचे गुपित

मेंदीच्या पानातील लॉसोन हे द्रव्य केराटिनला चिकटते आणि केसाला तांबूस-नारिंगी छटा देते. निव्वळ मेंदीच्या पानाने केस काळे होत नाहीत. एका पुडीत अर्ध्या तासात केस काळेभोर करणारी जी ‘काळी मेंदी’ मिळते, तिच्यात बहुधा पीपीडी मिसळलेले असते. काही पुड्यांत धातूंचे क्षारही असतात, आणि अशा केसांवर पेरॉक्साइड किंवा ब्लीच पडले तर केस तापतात आणि तुटतात. वेष्टनावर हिरवे पान छापलेले आहे, ‘हर्बल’ लिहिले आहे, एवढ्याने फसू नये. ‘अमोनियाविरहित’ याचा अर्थही पीपीडीविरहित असा होत नाही. मागच्या बाजूची बारीक अक्षरे वाचावीत. स्वतःला वाचता येत नसतील, तर घरातल्या शाळकरी मुलाकडून वाचून घ्यावीत.

रोहिणखेडच्या भगिनीच्या डोक्यावरचे तिन्ही पट्टे आता उलगडतात. मुळाशी बोटभर केस नवे, कोरे होते, ते ब्लीचने भरभर उजळून नारिंगी झाले. मधल्या भागात वर्षानुवर्षांच्या काळ्या मेंदीचे थर होते, तिथे ब्लीच नीट चालले नाही. टोकांचा कस आधीच गेलेला होता, ती भाजल्यासारखी झाली.

चुरचुर निराळी, वावडे निराळे

कलप लावताना किंवा ब्लीच चालू असतानाच डोके चुरचुरले, आग झाली आणि धुतल्यावर कमी झाली, तर तो बहुतेक वेळा रसायनाच्या तिखटपणाचा परिणाम असतो. तो कोणालाही होऊ शकतो. परंतु कलप लावून एक ते तीन दिवस झाल्यावर कपाळाची कड, कानामागची जागा आणि मान यांवर खाज, पुरळ, पाणीदार फोड आले, पापण्या सुजल्या, तर ते वावडे म्हणजे अॅलर्जी समजावी. डोक्याची त्वचा जाड असते, म्हणून तिच्यापेक्षा पापण्या आणि कान आधी बोलतात. पीपीडी हे अशा वावड्याचे जगभर कुप्रसिद्ध कारण आहे. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संघटनेने २००६ साली त्याला वर्षाचे वावड्याचे द्रव्य म्हणून जाहीर केले होते.

या वावड्याची एक खोड अशी, की ते पहिल्याच वेळी दिसेल असे नाही. पाच-दहा वर्षे काही त्रास न देता कलप चालतो आणि एक दिवस शरीर बंड करते. ‘मला कधी काही झाले नाही’ हा पुरावा धरता येत नाही. एकदा वावडे जडले, की ते सहसा आयुष्यभर राहते आणि पुढच्या प्रत्येक वेळी अधिक जोराने उठू शकते.

म्हणूनच ‘वरून काळा कलप लावू का’ या प्रश्नाचे उत्तर ठामपणे नाही असे होते. सुजलेल्या पापण्यांवर पुन्हा तेच द्रव्य ओतणे म्हणजे आगीत रॉकेल टाकण्यासारखे. ओठ, जीभ किंवा घसा सुजला, आवाज बसला, श्वास लागला, तर क्षणाचाही विलंब न करता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

त्या दुपारीच आल्या. कानामागे ओले पुरळ होते आणि मागच्या बाजूस ब्लीचने भाजल्याचा एक लहान चट्टाही होता. म्हणजे दोन्ही तक्रारी एकाच डोक्यावर. सौम्य शॅम्पू आणि भरपूर साध्या पाण्याने केस धुवून घ्यायला सांगितले आणि औषधे सुरू केली. औषधांची नावे येथे मुद्दाम देत नाही, कारण मेडिकलमधून परस्पर स्टेरॉइडची ट्यूब आणून चोळण्याची सवय आपल्याकडे आधीच फार आहे.

खरी अडचण औषधांची नव्हती. साखरपुड्याला व्याही मंडळी येणार, फोटो निघणार, आणि मुलीच्या आईच्या डोक्यावर हा प्रकार! ‘लोक काय म्हणतील’ हे दुखणे कोणत्याही ट्यूबने बरे होत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही कलप लावू दिला नाही. अंबाडा, त्यावर भरगच्च गजरा आणि डोक्यावरून पदर, यावर तो दिवस निभावला. पुरळ पूर्ण बरे झाल्यावर काही आठवड्यांनी त्यांची पट्टी-चाचणी करवून घेतली. संशयित द्रव्ये अगदी अल्प प्रमाणात पाठीवर पट्टीने चिकटवतात, ४८ तासांनी काढून पाहतात आणि आणखी एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली होणारी ही साधी तपासणी आहे. पीपीडीच्या जागी ठळक लाल, उठलेला डाग आला. पीपीडीचे सर्व कलप आणि काळी मेंदी त्यांना कायमची बंद झाली.

मग केसांचे काय झाले? राठ टोके चार बोटे कापली. काही आठवडे खोबरेल तेलाशिवाय काहीच लावले नाही. त्यानंतर कोपराच्या आतल्या बाजूस आधी लावून पाहून, शुद्ध मेंदी आणि त्यावर दुसऱ्या टप्प्यात निळीच्या पानांची शुद्ध पूड असा जुना मार्ग धरला. मेंदीच्या तांबूस रंगावर निळीचा थर बसला, की केस गडद तपकिरी ते काळे दिसतात. वेळ खूप लागतो, दर वेळी छटा सारखी येत नाही आणि त्यांचे पट्टे पुरते मिटायला बरेच महिने गेले. पण पापण्या सुजल्या नाहीत.

वावडे नसेल तर दुरुस्ती कशी?

ज्यांना खाज, सूज काही नाही, केवळ रंग मनासारखा आला नाही, त्यांचा मार्ग सोपा आहे. मात्र तोही क्रमाने चालावा.

पहिले दोन-तीन दिवस काही करू नये. नव्या कलपाचा रंग पहिल्या दोन-तीन धुण्यांत थोडा निवळतो आणि डोळ्यांनाही सवय होते. दिव्याच्या उजेडात पाहून निर्णय घेऊ नये, दिवसाच्या उजेडात पाहावे.

रंग फार गडद झाला असेल, तर नेहमीच्या शॅम्पूने काही वेळा धुऊन थांबावे. खाण्याचा सोडा, कपडे धुण्याची पूड, लिंबू चोळून उन्हात बसणे हे उपाय करू नयेत. त्यांनी रंग फारसा उतरत नाही, खवले मात्र उघडे पडून केस राठ होतात. कलप उतरवणारी तयार औषधे पार्लरमध्ये असतात. ती आतले मोठे रेणू पुन्हा लहान करून बाहेर पडू देतात. पण मेंदीवर त्यांचा उपयोग होत नाही.

रंग नारिंगी झाला असेल, तर पुन्हा ब्लीच न करता छटा मारता येते. चित्रकलेच्या तासाला शिकवलेले रंगचक्र येथे उपयोगी पडते. समोरासमोरचे रंग एकमेकांना मारतात: नारिंगीला निळा, पिवळ्याला जांभळा, तांबड्याला हिरवा. म्हणून जाणकार कारागीर नारिंगी केसांवर निळसर झाक असलेला, एक-दोन पायऱ्या गडद तपकिरी, सौम्य रंग वापरतो.

ब्लीच झालेल्या केसांवर थेट काळा किंवा गडद तपकिरी रंग लावला, तर तो मळकट, कधी हिरवट दिसतो आणि लवकर उतरतो. अशा केसांत आधी तांबूस छटा भरून घ्यावी लागते आणि मग गडद रंग. हे काम ज्याला माहीत आहे, त्याच्याकडेच करवून घ्यावे. विचारायला लाजू नये.

सर्वांत महत्त्वाची ‘बट-चाचणी’. मानेकडची आतली एक बारीक बट घेऊन तिच्यावरच आधी प्रयोग करावा. बट तुटली, रबरासारखी ताणली जाऊ लागली किंवा तापली, तर तिथेच थांबावे. एका बटेचे नुकसान कोणाच्या लक्षात येत नाही.

मधल्या काळात केसांना सांभाळावे. बोअरचे जड पाणी, कडक ऊन, गरम इस्त्री यांपासून जपावे. धुण्याआधी खोबरेल तेल लावण्याची आजीची पद्धत येथे खरी ठरते. मुंबईतील एका तेल कंपनीच्या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल तेलाने केसांतील प्रथिनांची झीज कमी झाल्याचे आढळले. सूर्यफूल आणि खनिज तेलांनी तसे झाले नाही.

गळणे आणि तुटणे

डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड वगैरे गावांत अचानक केसगळती सुरू झाली आणि आपला जिल्हा देशभर चर्चेत आला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथकही येऊन गेले. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी तपासाअंती रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखवले. तेव्हापासून फणीत चार केस अडकले, तरी लोक घाबरतात. कलप बिघडल्यावर येणाऱ्या पुष्कळ जणांचा पहिला प्रश्न ‘टक्कल पडेल का’ हाच असतो.

हातात आलेला केस उजेडात धरून पाहावा. एका टोकाला बारीक पांढरी गाठ असेल, तर तो मुळापासून गळला. दिवसाकाठी पन्नास ते शंभर केस असे गळणे नैसर्गिक आहे. गाठ नसेल आणि तुकडे आखूड असतील, तर केस मधूनच तुटले आहेत. कलप आणि ब्लीचने बहुतेक वेळा केस तुटतात. मूळ शाबूत असते आणि नवा केस येतो. मात्र डोक्याची त्वचा खोल भाजली, तर त्या जागी कायमचा डाग राहू शकतो. म्हणून भाजल्याकडे दुर्लक्ष करू नये.

पार्लरशी कसे बोलावे?

भांडण करण्याआधी बोलून पाहावे. दिवसाच्या उजेडात फोटो काढावा, बिल जपून ठेवावे, कोणता रंग वापरला त्याचे नाव आणि क्रमांक लिहून घ्यावा. डॉक्टरलाही ही माहिती हवी असते. बरेच प्रामाणिक व्यावसायिक दुरुस्ती स्वतःहून करून देतात. पण अंगावर पुरळ असेल, तर ‘फुकट करून देते, आत्ताच बसा’ या आग्रहाला बळी पडू नये.

समेट न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. सेवेतील त्रुटीबद्दल दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्क लागत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मार्गदर्शन मिळते. दिल्लीतील एका पंचतारांकित हॉटेलच्या सलूनमध्ये २०१८ साली केस चुकीचे कापल्याबद्दल एका महिलेला राष्ट्रीय आयोगाने २०२१ साली दोन कोटी रुपये भरपाई दिली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्रुटी मान्य केली, पण नुकसानीचा पुरावा नसल्याने ती रक्कम रद्द करून प्रकरण परत पाठवले. यातून घ्यायचा धडा एवढाच, की तक्रारीला कागदाचे बळ लागते.

आधी ४८ तास

पीपीडी असलेल्या कलपाच्या वेष्टनावर आधी त्वचेवर चाचणी घेण्याची आणि भुवया-पापण्यांना न लावण्याची सूचना छापणे आपल्या देशात कायद्याने बंधनकारक आहे. पापण्यांना लावल्यास अंधत्व येऊ शकते, असे तिथे स्पष्ट लिहिलेले असते. चाचणी सोपी आहे. कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूस थोडासा तयार कलप लावावा आणि वाळू द्यावा. वेष्टनावर बहुधा २४ तास थांबण्यास सांगितलेले असते. मी ४८ तास थांबा असे सांगेन, कारण वावडे उशिराने उठते. खाज, लाली, सूज काही आले, तर तो कलप आपल्यासाठी नाही. जुना कलप असला, तरी दर वेळी ही चाचणी करावी. उरलेली पुडी मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी; कलप पोटात गेल्यास घसा सुजतो, मूत्रपिंडे निकामी होतात आणि जीवही जातो.

पार्लरमध्ये किंवा सलूनमध्ये बसण्यापूर्वी तीन गोष्टी आपण होऊन सांगाव्यात: गेल्या दोन-तीन वर्षांत केसांना काय काय लावले, मेंदी लावली असल्यास साधी की काळी, आणि पूर्वी कधी खाज किंवा सूज आली होती का. कारागिराने विचारले नाही, तरी आपण सांगावे. कार्य घरात असेल, तर कलपाचा मुहूर्त कार्याच्या किमान तीन आठवडे आधी धरावा. काही बिघडलेच, तर दुरुस्तीला आणि पुरळ बसायला तेवढा अवधी हाती राहतो.